पाटी मागून वाचणारा माणूस

श्रीरंग मानकर यांच्या निधनाने एका युगाचा अंत झाला. हे वाक्य माझं नाही. सव्वा महिन्यापूर्वी वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर अर्धं पान भरून जाहिरात आली होती, तिच्यातलं ते पहिलं वाक्य. जाहिरातीच्या वरच्या भागात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा, म्हणजे नेत्यांचा, हात जोडलेला फोटो होता, आणि खाली, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा, श्रीरंगचा. चष्मा सापडायच्या आत मी मोठा फोटो पाहिला, ‘दुःखद निधन’ एवढं वाचलं, आणि क्षणभर माझा भलताच समज झाला. चहा गरम होता. तो मी शांतपणे पिऊन टाकला. मग चष्मा लावला आणि कळलं, की गेलाय तो माझा मित्र... वरची चार वाक्यं तुम्हाला छापलेली दिसत असतील, तर पुरवणीचे संपादक त्या दिवशी रजेवर होते असं समजा.

आता युगाबद्दल. गिरगाव, दादर, परळ भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना निळ्या पाट्या आठवत असतील. लोखंडी पत्रा, त्यावर भट्टीत भाजून बसवलेला काचेचा लेप, निळ्यावर पांढरी अक्षरं. डॉक्टरांच्या दवाखान्यावर, चाळीच्या तोंडाशी, गल्लीच्या कोपऱ्यावर, आणि घरात चार पैसे जास्त असले तर दारावर. यातल्या निम्म्याशिम्म्या तरी लालबागच्या ‘मानकर इनॅमल वर्क्स’मध्ये तयार झाल्या. मानकर हे जुने मुंबईकर परभू कुटुंब. पणजोबा सरकारी कचेरीत कारकून, आजोबा कारखानदार, वडील नुसतेच श्रीमंत. गिरगावात त्यांचं घर आमच्या फणसवाडीच्या चाळीमागे होतं. श्रीरंग आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो रंगा, मी वश्या. पुढे तो कारखान्याचा मालक झाला आणि मी एका वाचनालयाचा ग्रंथपाल. पण ‘अरे-तुरे’त साठ वर्षांत फरक पडला नाही.

रंगाला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती उलटी करून बघायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आईने कपबशीत चहा दिला. चहा संपवून त्याने बशी उलटी केली आणि मागचं बारीक अक्षर वाचत बसला. तो गेल्यावर आई म्हणाली, “एवढ्या मोठ्या घरचा मुलगा, आणि आपली बशी चोरीची आहे का बघतोय?” मी त्याला ते सांगितलं. तो ओशाळला, पण सवय गेली नाही. त्याचं कारण कारखान्यात होतं. मानकरांच्या प्रत्येक पाटीच्या मागच्या काळ्या लेपावर, भट्टीत घालण्यापूर्वी, कारागीर आपलं नाव, तारीख आणि वेळ ब्रशने लिहायचा. अक्षरांबरोबर तेही भाजलं जायचं. पाटी भिंतीवर बसली की ते कुणाला दिसायचं नाही. आजोबांनी पाडलेली रीत होती. लेप उडाला तर कोणाच्या हातून उडाला हे कळावं, एवढाच व्यवहारी हेतू. रंगाला मात्र पाटीची तीच बाजू आवडायची. “पुढून काय, कोणीही वाचतं,” असं म्हणायचा.

दुसरी रीत जास्त विचित्र होती. मानकरांकडे पाटी भट्टीत एकटी जात नसे. प्रत्येक पाटीची जोड व्हायची: एक गिऱ्हाइकाला, दुसरी कारखान्यात. वाटेत टवका उडाला तर माणसाला थांबावं लागू नये म्हणून. या उरलेल्या पाट्या भट्टीशेजारच्या एका लांबट खोलीत खिळ्यांना टांगलेल्या असत. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो दिवस मला अजून आठवतो. जमिनीपासून छतापर्यंत नावं. ज्यांची दारं पडून गेली त्यांची, वारलेल्या डॉक्टरांची, ज्या चाळींच्या जागी आता टॉवर आहेत त्या चाळींची. भट्टी पेटली की त्या खोलीची भिंत तापायची आणि पाट्या टिकटिक करू लागायच्या. आधी एखादी, मग चहूबाजूंनी. लोखंड आणि काच एकाच वेगाने प्रसरण पावत नाहीत, असं शास्त्र आहे. मी शास्त्र मानतो. तरी त्या खोलीत मी कधी एकटा उभा राहिलो नाही.

भट्टीवर दिनकर गमरे होते. रत्नागिरीकडचे, भोईवाड्याच्या चाळीत राहणारे, आंबेडकर जयंतीला पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि उरलेलं वर्षभर काजळीत. भट्टीचं दार उघडून, आतल्या रंगाकडे बघून ते तापमान सांगत. यंत्र आल्यावर यंत्रही तेच सांगू लागलं. त्यांचा मुलगा मिलिंद कला महाविद्यालयात शिकून आला आणि कारखान्यात अक्षरं काढू लागला. त्याची अक्षरं पाहून रंगाने मला मुद्दाम फोन केला होता. “वश्या, याचा ‘श्र’ बघायला ये. माझं नाव पहिल्यांदा मला आवडलं.” मुलगी सुजाता वकील झाली. गमऱ्यांच्या दारावर मानकरांनी दिलेली पाटी होती. कारखान्यात दहा वर्षं झाली की प्रत्येकाला आपल्या नावाची पाटी भेट मिळायची. दिवाळीच्या पेटीपेक्षा लोक तिला जपायचे.

मग ते आले, मोठ्या फोटोतले. कसे आले हे सांगायला नको, तुम्हीही इथेच होतात. सुरुवातीला रंगा त्यांच्या भाषणांची नक्कल करून दाखवायचा, आणि ती बरी असायची. मग चौकांची नावं बदलायची टूम निघाली आणि कारखान्याला ऊर्जितावस्था आली. तोवर लोक प्लास्टिकच्या छापील पाट्या लावू लागले होते आणि भट्टी आठवड्यातून दोनदाच पेटायची. वरून मागणी आली ती मात्र इनॅमलची: कायम टिकलं पाहिजे. परळच्या ज्या चौकाला एका शिक्षिकेचं नाव होतं, तिथे त्यांचं लागलं. मी विचारलं, “रंगा, बाईंच्या पाटीचं काय केलंस?” म्हणाला, “जोड आहे ना खोलीत. पाट्या करणं आपलं काम, नावं ठेवणं त्यांचं.” मी हसलो. मीही त्याच महिन्यात वाचनालयातली दीड कपाट पुस्तकं माळ्यावर नेली होती आणि वहीत ‘ऊन लागून खराब होत असल्याने’ असं कारण लिहिलं होतं. ते कपाट उत्तरेच्या भिंतीला आहे, तिथे ऊन कधी पोचत नाही.

कारखान्याच्या निम्म्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि मानकर गिरगाव सोडून त्याच्या एकतिसाव्या मजल्यावर राहायला आले. खाली जुना कारखाना, वर घर. मुलगा अद्वैत कारभार बघू लागला होता आणि विभागाच्या समितीवर जायची त्याची खटपट चालली होती. एके दिवशी कळलं की ते परळला येणार आहेत आणि जेवायला, फक्त दहा मिनिटं, मानकरांकडे थांबणार आहेत. रंगाची बायको मृणालवहिनी चार दिवस तयारीत होत्या. टेबलाच्या डोक्याशी रंगाची खुर्ची असायची, ती बाजूला करून नवी, उंच पाठीची आणली. पापलेट, कोलंबीचं भानोलं, सगळं झालं. ते आले नाहीत. नुसता निरोप आला: पुन्हा कधीतरी, न कळवता.

ते शेवटचे दोन शब्द त्या घराला बाधले. न कळवता म्हणजे कधीही. म्हणून ती खुर्ची तिथेच राहिली. पुढच्या रविवारी मी गेलो तर तिच्यासमोर ताट मांडलेलं. वाटलं, अजून कोणी यायचंय. वहिनींनी त्या ताटात भात वाढला, पापलेटचा मधला तुकडा ठेवला, आणि मग आम्हाला वाढलं. जेवण झाल्यावर ते ताट तसंच आत गेलं. स्वयंपाकाच्या बाईंनी नंतर मला सांगितलं, की ते अन्न कोणाला द्यायचं नाही, खायचं नाही, सरळ टाकायचं. असं रोज, दोन्ही वेळा. सहा महिन्यांत त्या खुर्चीची सर्वांना सवय झाली; आणि सवयीपेक्षा वाईट म्हणजे, तिचा धाक बसला. टेबलावर आवाज खाली आले. मी काही तिरकस बोललो की वहिनी आधी माझ्याकडे न बघता त्या खुर्चीकडे बघायच्या. एकदा अद्वैत म्हणाला, “काका, प्लीज, हा टॉपिक टेबलवर नको.” मी म्हटलं, “अरे, कोण ऐकतंय?” त्याने ताटात अजून थोडा भात वाढला... त्या ताटात. रंगा तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजजवळ बसायचा. फ्रिज उघडायचा असला की त्याला उठावं लागे.

त्याच सुमाराला नंबरांच्या पाट्यांचं काम आलं. तळहाताएवढी पांढरी पाटी, तिच्यावर काळा आकडा, बाकी काही नाही. कशासाठी, ते मागणीपत्रात नव्हतं आणि कोणी विचारलं नाही. मिलिंदने सगळे आकडे काढले. नेहमीप्रमाणे जोड्या झाल्या आणि दुसऱ्या पाट्या खोलीत लागल्या. मी पाहायला गेलो तेव्हा नावांच्या मधल्या रिकाम्या जागा आकड्यांनी भरल्या होत्या. मग हे आकडे परळ, शिवडी, वडाळ्याच्या काही दारांवर दिसू लागले. सगळ्याच नाही, काही. सकाळी दार उघडावं तर बाहेर चार स्क्रूंनी बसवलेला आकडा. कोणी बसवला, माहीत नाही. काय अर्थ, माहीत नाही. पण शेजारी त्या दारावरून जाताना पायांचा आवाज होऊ देत नसत.

एक पाटी भोईवाड्यात गमऱ्यांच्या दारावर लागली. मिलिंदने स्क्रू काढले, पाटी उलटी केली. मागे स्वतःचीच सही. तारीख, वेळ. त्याने ती बापाला दाखवली आणि पुन्हा जागेवर बसवली, कारण काढून ठेवणं गुन्हा आहे असं तोवर जाहीर झालं होतं.

पुढच्याच महिन्यात वडाळ्याच्या एका नाक्यावर त्यांच्या नावाच्या पाटीवर कोणीतरी काळं फासलं. भर दुपारी, अडीच ते तीनच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या दारावर आकडे होते अशा घरांतून नऊ जणांना उचललं. त्यात मिलिंद. वडाळ्यात पाटी काळी होत होती त्या वेळी मिलिंद कारखान्यात ब्रश धरून बसला होता, हे कारखान्यातल्या वीस माणसांना माहीत होतं. गंमत म्हणजे तो त्यांच्याच नावाची पाटी करत होता, परळच्या त्या चौकासाठी. आधीची ट्रकने ठोकरली होती, आणि तिची जोड दुसऱ्या कोपऱ्यावर लागली होती. दोन चाळीसला जोडी भट्टीत गेली. सुजाता मालकांकडे आली. तिला एवढंच हवं होतं, की मिलिंद गमरे आमच्याकडे कामाला आहे आणि त्या दुपारी हजर होता, असं कागदावर लिहून द्या. तेवढ्यावर भाऊ सुटला असता.

चार दिवसांनी कागद दिला, पण कोर्टाला, आणि मागितला होता त्याच्या उलट. ‘या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या आस्थापनेत कधीही कामास नव्हती.’ खाली सही, श्रीरंग मानकर. ती सही जेवणाच्या टेबलावर झाली आणि दुर्दैवाने मी समोर होतो. अद्वैतने कागद ताटाशेजारी ठेवला. म्हणाला, “बाबा, फॉर्मॅलिटी आहे. नाहीतर आपल्या दारावर लागेल पाटी.” रंगा बराच वेळ कागद उलटा करून बघत राहिला. मागे कोरं होतं. मग त्याने सही केली. मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही तरी बोला. मिलिंदच्या लग्नात नवरीला साडी तुम्ही निवडलीत.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, तेच भयंकर होतं. “कोण मिलिंद, भाऊजी?” त्यांनी विचारलं. खरोखर आठवत नसल्यासारखं. आणि खुर्चीसमोरच्या ताटात सोलकढीची वाटी ठेवली.

मी जेवण अर्धं टाकून निघालो आणि चार महिने तिकडे फिरकलो नाही. ऐकू मात्र येत होतं. दिनकर गमऱ्यांना वय झालं म्हणून घरी बसवलं. खोलीतल्या पाट्या एकेक करून उतरवल्या. आधी गमऱ्यांची, मग ज्यांच्या दारावर आकडे लागले त्या सगळ्यांच्या, शेवटी वाद नको म्हणून सगळ्याच. घणाने लेप फोडायचा, पत्रा भंगारात. अद्वैत समितीवर गेला. भट्टी बंद झाली.

मग एका शुक्रवारी फोन. “वश्या, रविवारी जेवायला ये. पापलेट आहे.”

“मला बोलायचं नाहीये तुझ्याशी.”

“बोलू नको. जेव.”

गेलो. तसंच टेबल, तशीच खुर्ची. वहिनींनी त्या ताटात वाढलं, मग आम्हाला वाढायला वळल्या, आणि रंगा फ्रिजजवळून उठला. आम्हाला वाटलं पाणी घ्यायला. तो टेबलाच्या कडेने चालत गेला, उंच पाठीची खुर्ची ओढली, बसला, आणि जेवायला लागला.

“बाबा,” अद्वैत म्हणाला.

“काटे कमी आहेत आज,” रंगा म्हणाला.

“बाबा, उठा तिथून.”

“जेवतोय रे. जेवताना उठू नये.”

वहिनी भांडं हातात धरून उभ्या. अगदी हळू म्हणाल्या, “ते आत्ता आले तर?”

“तर म्हणेन, बसा. फ्रिजजवळची रिकामी आहे.”

तो सावकाश जेवला. काटे एका बाजूला नीट लावले. मग रिकामं ताट उचललं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून मागचं वाचलं. “डिशवॉशर सेफ,” त्याने आम्हाला सांगितलं. ताट ठेवलं, हात धुतले आणि मला म्हणाला, “चल, खाली जाऊ.” लिफ्टने एकतीस मजले उतरलो. तळमजल्यावर दार उघडल्यावर म्हणाला, “चांगलं झालं होतं पापलेट. वर्षभर फुकट घालवलं.”

कारखान्यात दिनकर गमरे भट्टीसमोर उभे होते. सकाळपासून भट्टी पेटवून बसले होते. मला कळेना, हा माणूस इथे आला कसा. नंतर त्यांनीच सांगितलं. “शेठ स्वतः आले भोईवाड्यात, शुक्रवारी. दारावरचा नंबर बघत उभे राहिले. म्हटलं, उलटी करून बघा, माझ्या पोराची सही हाय. तर म्हणाले, गमरे, बघायची गरज नाय, मला म्हायती हाय. मग आत आले. पाणी प्यायले. मी काय बोललो नाय. काय बोलायचं?”

रंगाने कपाटामागून एक पाटी ओढून काढली. त्यांच्या नावाची, परळच्या चौकातल्या पाटीची जोड. बाकी सगळ्या फुटल्या तेव्हा ही वाचली, कारण त्या नावावर घण घालायची कोणाची छाती झाली नव्हती. मागच्या काळ्या लेपावर मिलिंदचं नाव, तारीख, दोन चाळीस. रंगाने तिथे त्याखाली, पांढऱ्या लेपात ब्रश बुडवून, स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘वरील मजकूर खरा आहे. मिलिंद गमरे त्या दुपारी माझ्या कारखान्यात होता. तो आमच्याकडे कामाला नव्हता असं मी सही करून दिलं, ते खोटं होतं. श्रीरंग मानकर.’ अक्षर काही चांगलं नव्हतं. ब्रश हातात धरून त्याला पन्नास वर्षं झाली होती. मी म्हटलं, “कागदावर लिही ना. सोपं पडेल.” तो म्हणाला, “कागद अद्वैत फाडेल. हे पुसता येत नाही. आमच्या जाहिरातीत तसं लिहिलंय.”

लेप वाळला. गमऱ्यांनी पाटी लोखंडी जाळीवर ठेवली आणि थांबले.

“शेठ, एकटी पाटी कधी घातली नाय भट्टीत.”

“मी आहे ना जोडीला,” रंगा म्हणाला.

गमरे हसले नाहीत. मीही हसलो नाही. दार उघडलं, पाटी आत गेली, चारेक मिनिटं आम्ही तिघं उभे राहिलो. बाहेर आली तेव्हा नुसती लाल होती; कुठलं नाव पुढे, कुठलं मागे, काही दिसत नव्हतं. मग ती निवत गेली तशी अक्षरं वर आली. गमरे वाकून आधी पोराचं नाव शोधत होते... आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतून टिकटिक सुरू झाली. आधी एक, मग चहूबाजूंनी, पूर्वीसारखी. मी जाऊन पाहिलं. खोली रिकामी होती. भिंतींवर खिळे आणि पाट्यांच्या जागी फिकट चौकोन, वरपर्यंत. मी परत आलो. गमरे म्हणाले, “छपराचा पत्रा असंल, तापलाय.” छप्पर सिमेंटचं आहे. रंगाने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तो डोळे मिटून, मान थोडी कलती करून उभा होता, ओळखीचा आवाज आल्यावर माणूस उभा राहतो तसा.

पाटी माझ्या पिशवीतून बाहेर गेली, वर पुस्तकं ठेवून. फाटकावर गमऱ्यांची झडती झाली, माझी नाही. निवृत्त ग्रंथपालाच्या पिशवीत काही असेल असं कोणाला वाटत नाही. रंगा फाटकापर्यंत आला. “वश्या, तू त्या दिवशी निघून गेलास ते बरं केलंस,” म्हणाला. “पण परत यायला उशीर केलास.” मी म्हटलं, “तू बोलवायला केलास.” हे आमचं शेवटचं बोलणं.

अकरा दिवसांनी, दुपारी जेवून आरामखुर्चीत पडला असताना तो गेला. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मी भेटायला गेलो तेव्हा एकतिसाव्या मजल्यावर इतकी माणसं होती की काही उभी होती. उंच पाठीची खुर्ची मात्र रिकामी, समोर ताट. मृणालवहिनी माझ्याजवळ आल्या. रडून आवाज बसला होता. “भाऊजी, ह्यांनी त्या दिवशी तिथे बसायला नको होतं,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं मी त्यांच्यावर रागावलेलो आहे. त्या क्षणी मला फक्त त्यांची भीती वाटली, आणि मग वाईट वाटलं. शोकसभेत वक्त्यांनी त्याला उद्योगक्षेत्रातला महामेरू म्हटलं. तो पाच फूट चार इंच होता. अद्वैत बोलला, की बाबांच्या आयुष्यातली अपुरी इच्छा एकच होती: त्यांना आपल्या घरी जेवताना बघण्याची.

गेल्या आठवड्यात मिलिंदचा जामीन सुनावणीला आला. मी पोचवलेली पाटी सुजाताने काढली. सरकारी वकिलांनी अद्वैतचं पत्र पुढे केलं: वडिलांना गेलं वर्षभर भान नव्हतं, त्यांच्या कुठल्याही लिखाणावर विश्वास ठेवू नये. न्यायाधीश वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी विचारलं, मग मिलिंद गमरे कामाला नव्हता या पत्रावर सही करताना त्यांना भान होतं का? तेही याच वर्षातलं आहे. वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो.

एवढं झाल्यावर खरी अडचण निघाली. मागचं वाचायचं तर पाटी पालथी घालायला हवी, आणि ते नाव असलेली कोणतीही वस्तू पालथी घालू नये असा आदेश आहे. कारकुनाने तो वाचून दाखवला. दिनकर गमरे मागच्या बाकावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. न्यायाधीशांनी पाटी टेबलावर उभी धरायला सांगितली, उठले, टेबलाला वळसा घालून मागे गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून वाचू लागले. रंगा वाचायचा तसे. सरकारी वकील पुढच्या बाजूला राहिले होते. त्यांना नाव तेवढं दिसत होतं, म्हणून त्यांनी हात जोडले. मी रंगासाठी एकदाही रडलो नव्हतो. तिथे मात्र मला रुमाल लागला, आणि माझ्याकडे तो नव्हता.

जामीन झाला. मिलिंद घरी आहे. दारावरचा आकडा अजून दारावर आहे, खटला उभा राहायचा आहे. पाटी पुरावा म्हणून कोर्टाच्या दफ्तरात जमा झाली. पावती द्यायला कारकुनाने मला आत नेलं, तेव्हा मी ती पाहिली. दोन कपाटांच्या फटीत ती उभी ठेवली आहे, नाव भिंतीकडे आणि रंगाचं अक्षर खोलीकडे करून. मी काही विचारायच्या आत कारकून म्हणाला, पालथी नाही, उभीच आहे. आणि तोंड इकडे केलं तर मागची टांगायची कडी भिंतीला लागते, पाटी पुढे येते, मग कपाटाचं दार उघडत नाही.